42 दिवस पुन्हा रंगरूट: नाशिकरोडच्या पीटी उस्ताद कोर्सचा अनुभव

पहिल्याच दिवशी सुभेदार साहेबांनी मला नापास केलं, आणि तेही बीमवर, म्हणजे पुलअपच्या आडव्या बारवर.

17 वर्षं तोफखान्यात काढली, त्यातली शेवटची काही वर्षं रंगरुटांना, म्हणजे नव्या भरतीच्या पोरांना, पीटी देण्यात गेली. रिटायर झाल्यापासून जेलरोड ते सिन्नर फाटा या पट्ट्यातल्या भरती अकॅडम्यांत ग्राउंड घेतोय. त्यामुळं साहेब म्हणाले, "या पोराला बीम शिकवा," तेव्हा मला हसूच आलं. समोर 18 वर्षांचं किडकिडीत पोरगं. मी सुरू झालो. पकड कशी, अंगठा कुठं, हनुवटी कुठवर, पाय झटकले की मोजत नाहीत, आमच्या वेळी थंडीत लोखंडाला हात कसा चिकटायचा, वगैरे वगैरे. साहेब कडुनिंबाखाली खुर्ची टाकून बसलेले. माझं संपल्यावर त्यांनी स्टॉपवॉच माझ्यापुढं धरलं.

"हवालदार, तुम्ही 11 मिनिटं बोललात. पोरगं बीमला 40 सेकंद लटकलं. भरतीत मार्क कुणाला मिळणारेत, तुम्हाला की त्याला?"

बाकीचे 13 जण हसले. दुसऱ्या दिवशी त्यांचीही तीच गत झाली, ते सोडा.

तर हा कोर्स कसला, ते आधी सांगतो. भरती अकॅडमीत पोरांना पळवणाऱ्या उस्तादांसाठी 6 आठवड्यांचा कोर्स आहे. पोरांसाठी नाही, पोरांना शिकवणाऱ्यांसाठी. सकाळी साडेपाच ते साडेआठ ग्राउंड, संध्याकाळी दोन तास वर्ग, रविवारी सुट्टी. फी 14,500. शिकवणारे सुभेदार साहेब पुण्याच्या आर्मी इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल ट्रेनिंगमधून कोर्स केलेले, नंतर सगळी नोकरी पीटीतच. आमच्या बॅचला 14 जण: आठ माजी सैनिक, एक बीएसएफवाले दादा, चार बी.पी.एड. (शारीरिक शिक्षणाची पदवी) झालेली पोरं आणि दिंडोरीकडची एक ताई, तीही बी.पी.एड. संस्थेचं नाव मुद्दाम घालत नाही. एकतर पुढं तक्रारी आहेत, आणि दुसरं म्हणजे मालकीच बदलतेय, पुढच्या बॅचला पाटीवर कोणतं नाव असेल ते त्यांनाही ठाऊक नसावं.

आता कुणी म्हणेल, फौजेत पीटी दिलेल्या माणसाला असल्या कोर्सची गरज काय? माझी बायकोही हेच म्हणाली, फक्त जरा वेगळ्या शब्दांत. गरज अशी की भरतीच बदलली. जून 2022 मध्ये फौजभरतीची अग्निपथ योजना जाहीर झाली, तिच्यातून भरती होणारा तो अग्निवीर. तेव्हा ठरलेलं वय साडेसतरा ते 21, नोकरी 4 वर्षं, त्यातले जास्तीत जास्त 25 टक्के पुढं कायम. एवढं सगळ्यांना पाठ आहे. पण ग्राउंडवर त्याहून मोठा फरक पडला तो 2023 पासून. माझ्या भरतीला आधी मैदान, मग मेडिकल, आणि यातून उरलेल्यांची लेखी. आता उलटं. आधी कॉम्प्युटरवर ऑनलाइन परीक्षा, तिथं नाव लागलं तरच मैदान.

कागदावर हा फक्त क्रम बदललाय. पण आधी पोरगं दहावीपासून पळत असायचं, लेखीची फिकीर शेवटी. आता ते वर्षभर खोलीत बसून गणितं सोडवतं, पाय मऊ पडतात, आणि निकाल लागला की धावत आमच्याकडं येतं, "उस्ताद, भरतीची रॅली आली, 1600 मीटर मारायचंय." मधल्या थोडक्या दिवसांत आम्ही त्याला शून्यावरून साडेपाच मिनिटांवर आणायला बघतो. उस्तादाला जुनी एकच रीत माहीत: पळव, अजून पळव, नाही पळाला तर रगडा, म्हणजे शिक्षेची कसरत, दे.

त्याचा हिशेब नडगी चुकवते.

कोर्समधला सगळ्यात मोलाचा भाग हाच, म्हणून यावर जरा जास्त लिहितो. दुसऱ्या आठवड्यात साहेबांनी आम्हाला वर्गातून उठवलं आणि गेटबाहेर नेलं. सिंहस्थाच्या कामांनी सगळं नाशिक खोदून ठेवलंय, आमच्या गेटसमोरचा रस्ताही अर्धा उकरलेला. साहेब त्या खड्ड्याच्या काठाला उभे राहिले. म्हणाले, हाड असंच दुरुस्त होतं. पळण्याचा भार वाढला की शरीर हाड मजबूत करायला घेतं. पण मजबूत करायचं म्हणजे आधी जुना भाग उकरून काढायचा, मग नवा भरायचा. उकरायला थोडे दिवस लागतात, भरायला जास्त. मधल्या काळात हाड पहिल्यापेक्षा कच्चं असतं. आणि नेमक्या त्याच आठवड्यांत पोराचा दम वाढलेला असतो, स्नायू तयार होत आलेले असतात, पोरगं म्हणतं उस्ताद, अजून पळतो. "हा रस्ता उकरलेला असताना इथून वाळूचा ट्रक न्याल का?" एवढं विचारून परत वर्गात.

मी 17 वर्षं "नडगी भरली" हा शब्द ऐकतोय, वापरतोय. आत काय होतं ते मला एका खड्ड्यानं सांगितलं.

मग ओळखायचं कसं, तेही शिकवलं. पोराला विचारायचं, कुठं दुखतं ते दाखव. त्यानं तळहात नडगीवर वरखाली फिरवला तर बहुतेक सूज आहे, भार कमी करा, बघा. पण त्यानं एका बोटानं नेमकी जागा दाखवली, तिथं दाबल्यावर कळवळला, त्या पायावर एकट्यानं उडी मारता येईना, तर पळणं त्याच मिनिटाला बंद आणि हाडाच्या डॉक्टरकडं. पट्टी बांधून पळवायचं नाही. फवारा मारून तर नाहीच नाही.

हे ऐकताना मी खाली मान घालून वहीत रेघोट्या मारत होतो. दोन वर्षांपूर्वी पिंपळगावकडच्या एका पोरानं मला असंच एक बोट ठेवून दाखवलं होतं. मी म्हणालो, फौजेत जायचंय ना, मग रडू नको. क्रेप बँडेज बांधून चार दिवस पळवला. पाचव्या दिवशी पोरगं बसलं ते बसलंच. एक्सरेत हाडाला चीर. रॅली गेली, वयही गेलं. त्याची आई द्राक्षाच्या बागेतून तशीच आली होती, हाताला घड बुडवायच्या, डिपिंगच्या औषधाचा वास. ती काहीच बोलली नाही, पोराची बॅग घेऊन गेली. हे त्या वर्गात मी कुणाला सांगितलं नाही, इथं लिहितोय.

भार वाढवायचा तक्ता साहेबांनी दिला तो साधा आहे. पहिले आठवडे चालणं आणि हळू पळणं मिसळून, रोज नाही, एक दिवस पाय, एक दिवस हात. वेगानं पळायचं ते आठवड्यात दोनदाच. चौथ्या आठवड्याला मुद्दाम कमी. बीएसएफवाल्या दादांना हे शेवटपर्यंत पटलं नाही. "असं लाडानं पळवलं तर भरती होईल का?" मला विचाराल तर निम्मं उत्तर त्यांच्याच प्रश्नात आहे. एक्सरे काढत बसलेला पोरगा तर नक्कीच भरती होत नाही.

वेगाचं गणितही इथंच नीट कळलं. अग्निवीर जीडीला (जनरल ड्यूटी, साधा शिपाई) 1.6 किलोमीटर साडेपाच मिनिटांत मारलं की 60 मार्क. बीमचे 10 मारले की 40, आणि 6 म्हणजे फक्त 16. नऊ फुटी खड्डा आणि झिगझॅग बॅलन्स नुसते पास व्हायचे. हे आम्हाला तोंडपाठ होतं. पण आमचं ग्राउंड 250 मीटरचं. सहा फेऱ्या आणि वर 100 मीटर. म्हणजे साडेपाचला दर फेरी साधारण 51 ते 52 सेकंद. साहेबांनी आमच्याकडच्या 10 पोरांना पळवलं आणि आम्हाला प्रत्येक फेरीचा वेळ लिहायला लावला. जवळजवळ सगळ्यांची पहिली फेरी 43-44 सेकंद. चौथी 58. आम्ही आयुष्यभर काय ओरडत आलो? "दाब! पहिल्यापासून दाब!" म्हणजे पोरांना मारत होतो आम्हीच. पुढचा आठवडाभर पोरांना फक्त 52 ची फेरी ओळखायला शिकवली, घड्याळ न बघता. हे एवढं एक घेऊन गेलात तरी फी वसूल.

पहाटे गोल्फ क्लब मैदानावर चक्कर मारलीत तर असले ओरडणारे उस्ताद डझनानं दिसतील. ज्या शहरानं धावपटू कविता राऊत घडवली, 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरला ब्राँझ, त्या शहरात आम्ही पोरांना पहिल्या फेरीत जाळतो. असो.

शरीरशास्त्राचे वर्ग ठीकठाक. आहाराचा वर्ग म्हणजे शेंगदाणे, गूळ, केळी, अंडी. घरची आजीही हेच सांगते. योगाचा एक तास झाला, त्यात निम्मे जण शवासनात झोपले.

इतिहासाचा वर्ग असेल असं वाटलं नव्हतं, पण एका संध्याकाळी वीज गेली आणि साहेब अंधारात गोष्ट सांगायला बसले. क्रिमियाच्या लढाईनंतर ब्रिटिशांनी आपल्या पलटणी सुधारायला काढल्या. 1860 मध्ये मेजर हॅमर्स्ली नावाचा अधिकारी आणि निवडक 12 एनसीओ (नाईक-हवालदार दर्जाचे) ऑक्सफर्डला धाडले, मॅक्लारेन नावाच्या एका गृहस्थाच्या व्यायामशाळेत. तिथं शिकून या बाराजणांनी पुढं फौजेला शिकवलं. आजच्या ब्रिटिश पीटी कोअरची सुरुवात ती. "म्हणजे काय," साहेब म्हणाले, "पहिले फौजी उस्ताद तयार केले ते एका सिव्हिलियननं."

हे आमच्यासाठीच होतं. कारण त्या सकाळी दिंडोरीच्या ताईनं आम्हाला वॉर्म-अप शिकवला होता आणि आम्ही आठ फौजी तोंडं वाकडी करून उभे होतो. गार अंगानं वाकून पायाचे अंगठे धरून ताणत बसायची आमची जुनी सवय. ताईनं सांगितलं, पळायच्या आधी अंग हलवत गरम करा, गुडघे वर, लांब ढांगा, हळूहळू वेग. धरून ठेवायचं ताणणं नंतर. चौथ्या दिवसापासून मी ते माझ्या पोरांना लावलंय. ताईला मात्र "मॅडम" म्हणायचं की "ताई", यावर आमच्यात दोन दिवस चर्चा चालली. शेवटी तिनंच सोडवलं. म्हणाली, "ग्राउंडवर उस्ताद म्हणा."

मुलींची भरती हा वेगळा विषय आणि तो ताईनंच घेतला. मिलिटरी पोलिसात मुलींना 1.6 किलोमीटर साडेसात मिनिटांत मारलं तर पहिला गट, शिवाय 10 फूट लांब उडी, 3 फूट उंच उडी. आता मुलींसाठी सेवापूर्व शिक्षण संस्थाही नाशकात आहे, त्यामुळं ग्राउंडवर मुली वाढणार हे उघड आहे. आणि इथं माझी पहिली तक्रार. या कोर्सच्या ठिकाणी बायकांसाठी एकच स्वच्छतागृह, त्याला कुलूप, आणि किल्ली ऑफिस उघडल्यावर मिळणार. ऑफिस उघडतं साडेनऊला. ग्राउंड सुरू होतं साडेपाचला. ताई शेजारच्या एका घरी जायची. 14,500 घेऊन हे?

दुसरी गोष्ट जवळून दाखवण्यासारखी म्हणजे निळा ड्रम. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात ऊन तापायला लागलं तेव्हा साहेबांनी शेतात औषध कालवायला वापरतात तसला मोठा ड्रम उभा कापून आणला, धुऊन पाणी भरलं, रसवंतीवाल्याकडून बर्फाची लादी आणून फोडून टाकली. म्हणाले, पोरगं पळता पळता लटपटायला लागलं, भलतंच बोलायला लागलं, अंग भट्टीसारखं तापलं, तर ॲम्ब्युलन्सला फोन करा, पण वाट बघत बसू नका. कपड्यांसकट मानेपर्यंत ह्यात. आधी थंड, मग दवाखाना. डोकं धरून ठेवायला एक माणूस, पाणी ढवळायला एक. मग आमच्यातल्या सगळ्यात जाड माणसाला उचलून ड्रममध्ये घालायची प्रॅक्टिस. पहिल्या वेळी आम्हाला सव्वादोन मिनिटं लागली, कारण चौघेही एकमेकांना ऑर्डर देत होतो. पाचव्या वेळी 25 सेकंद. जाड माणूस मीच होतो, त्यामुळं पाणी किती गार होतं हे मी खात्रीनं सांगू शकतो.

फौजेत असताना बीपीईटीचे, म्हणजे फौजेच्या शारीरिक चाचणीचे, 5 किलोमीटर पळताना कोसळलेली माणसं मी पाहिलीत. तेव्हा आम्ही तोंडावर पाणी मारायचो, बूट काढायचो आणि हवा घालायचो.

आता बदलाचं. चौथ्या आठवड्यात एका सकाळी ग्राउंडच्या एका बाजूला पत्रे उतरले. कळलं की मालकांनी ऑनलाइन परीक्षेचे क्लास चालवणारा भागीदार घेतलाय, आणि तिथं 40 कॉम्प्युटरची लॅब होणार. आमचं 250 मीटरचं ग्राउंड 180 चं झालं. रातोरात सगळे हिशेब बदलले, 52 ची फेरी कुठली आता. सकाळचं ग्राउंडही सव्वासातला संपवायचं, कारण पोरांची टेस्ट सिरीज आठला. सुभेदार साहेबांच्या वर एक ऑपरेशन मॅनेजर आला, वय 27, पांढरे बूट. त्यानं पहिल्याच मीटिंगला विचारलं, "सर, एका पोरामागं ग्राउंडचे तास कमी केले तर रिझल्टला किती फरक पडेल?" आम्ही सगळे भडकलो. साहेब भडकले नाहीत. त्यांनी त्याला आमच्या वह्या दिल्या, फेऱ्यांच्या वेळांच्या आणि नडगीच्या नोंदींच्या.

आणि खरं सांगायचं तर त्या मॅनेजरनं त्या वह्यांचं जे केलं ते आम्ही कुणी केलं नव्हतं. सगळं कॉम्प्युटरवर टाकून त्यानं दाखवलं की अकॅडमीतल्या 38 पोरांपैकी जी 9 दुखण्यानं बसली, त्यातली 7 लेखीचा निकाल लागल्यावर दाखल झालेली होती. म्हणजे साहेब तोंडानं सांगत होते तेच, पण आकड्यात. त्यावरून ठरलं की लेखीची तयारी करणाऱ्या पोरांनीही पहिल्या दिवसापासून आठवड्यात तीन दिवस ग्राउंडवर यायचं, थोडं का होईना. जो माणूस ग्राउंड कापायला आला होता, त्याच्याच सहीनं हे झालं. मला तो अजूनही आवडत नाही.

पण बदल चालू असताना शिकायला बसलेल्यांचं काय? आमच्याशी कुणी बोललंच नाही. वेळापत्रक तीनदा बदललं, दर वेळी व्हॉट्सॲपवर रात्री 11 ला. पांडवलेणीच्या पायऱ्यांवर चढावाचे चार सराव ठरलेले, झाला एक. शेवटच्या आठवड्यातला त्र्यंबकचा दोन दिवसांचा कॅम्प रद्द, त्याचे 1,200 रुपये परत देतो म्हणाले, अजून देतायत. नोट्स म्हणजे हिंदी पुस्तकाची झेरॉक्स, तीही तिरकी. सर्टिफिकेट "नव्या नावानं छापून येईल". पाचव्या आठवड्यात साहेब दोन दिवस आलेच नाहीत, सोडून गेले अशी आवई उठली. तिसऱ्या दिवशी पहाटे पाच वाजता ते चुना घेऊन 180 च्या ग्राउंडवर नव्या खुणा मारताना दिसले. 1600 साठी आठ फेऱ्या आणि 160 मीटर, फेरीला 37 सेकंद. काही बोलले नाहीत, फक्त म्हणाले, "चुना कमी पडतोय, कुणीतरी आणा."

सर्टिफिकेटबद्दल गैरसमज नको. हा खासगी कोर्स आहे, याला फौजेच्या पीटी कोर्सची किंमत नाही, सरकारी नोकरीत उपयोग नाही. कुणी तसं सांगून फी घेत असेल तर उठून या. आणि पोलीस भरतीसाठी काही मिळेल म्हणून येणाऱ्यांनी जरा थांबा. तिथं मैदान 50 मार्कांचं, त्यात गोळाफेक आहे, आणि गोळ्याला इथं एकच तास दिला.

माझ्याकडून पाचपैकी साडेतीन. साहेबांना पाच, बाकीच्या कारभाराला दोन. माजी सैनिक असाल आणि ग्राउंड घेत असाल तर जा, पण जाताना आपला हुद्दा घरी ठेवून जा. फी दोन हप्त्यांत द्या, दुसरा हप्ता कॅम्प झाल्यावर. ताईलोकांनी आधी स्वच्छतागृहाची किल्ली कुणाकडं असते ते विचारा. गाडी आत लावू नका, पत्र्याची कामं चालू आहेत. स्टॉपवॉच स्वतःचं न्या. तिथले तीनही बंद आहेत.

शेवटच्या दिवशी परत बीम. साहेबांनी तेच पोरगं उभं केलं, पहिल्या दिवशी दोन मारणारं. मधले सहा आठवडे मी त्याला स्टुलावरून वर चढवून फक्त हळूहळू खाली यायला लावलं होतं, एक दिवसाआड. यावेळी मी पकड दाखवली, एक नमुना दिला, बाजूला झालो. पोरानं सहा मारले, सातव्याला हनुवटी बारपासून बोटभर खाली राहिली. मी साहेबांकडं पाहिलं. त्यांनी घड्याळ बघितलं.

"50 सेकंद," म्हणाले. "अजून जास्तच बोलता."